हालींचा आरसा

आमच्या सोलापूरच्या घरात बोलणे दखनीत, हिशेब मराठीत आणि नमाज अरबीत. उर्दू मुख्यतः कानावर पडे. मिलादच्या मजलिसीत आजोबा हालींची ‘मुसद्दस’ म्हणायचे. सहा-सहा ओळींची ती कडवी मला चालीमुळेच पाठ झाली. अर्थ उलगडला कॉलेजात, आणि मी चकितच झालो. पैगंबरांच्या आगमनाचा तो गोड भाग ज्या दीर्घ कवितेतला होता, ती पुढे आपल्याच कौमला खडे बोल सुनावत होती.

मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. उर्दू वाचकाला तिथले अल्ताफ हुसैन हाली आठवतात. गालिबचा हा शिष्य गझलेत मुरलेला होता. १८७४ साली लाहोरच्या मुशायऱ्यांत कवींना समस्यापूर्तीच्या ओळीऐवजी विषय देण्याची प्रथा सुरू झाली. तिथे हालींनी पाऊस, आशा, देशप्रेम अशा विषयांवर लिहिले. सर सय्यद अहमद खान यांच्या आग्रहावरून १८७९ मध्ये ‘मुसद्दस’ आली. देवाने विचारले, तू काय केलेस, तर हालींकडून मुसद्दस लिहवून घेतली असे सांगेन, अशा आशयाचे सर सय्यद म्हणाले होते.

इस्लामच्या भरतीनंतर हाली ओहोटी दाखवतात: उमरावांचा आळस, धर्मपंडितांचे वाद, विद्येकडे फिरवलेली पाठ. कवींनाही ते झोडपतात, म्हणजे स्वतःच्या बिरादरीलाच. त्यामुळे हे बोलणे परक्याचे वाटत नाही. १८८६ मध्ये त्यांनी आशेचा सूर असलेली पुरवणी जोडली.

आज असे बोलणे अवघड झाले आहे. घरातला दोष उच्चारला की बाहेरचा त्याचा दगड करतो, म्हणून घरातले गप्प बसतात. भीती खोटी नाही. पण त्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजते?

मोहल्ल्यातल्या मुलींच्या अभ्यासवर्गात मी ‘मुसद्दस’ वाचून दाखवली. अरबस्तानात जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींचा भाग संपला, आम्ही पार हिंदुस्थानापर्यंत आलो. तेव्हा दहावीतल्या एकीने विचारले, “चाचा, यात मुली फक्त पुरायलाच आहेत का?”

पुढच्या जुम्म्याला मी हालींचीच ‘मुनाजात-ए-बेवा’ नेली. १८८४ ची ही कविता, एका विधवेने देवाशी साध्या बोलीत केलेले गाऱ्हाणे. धर्माने पुनर्विवाहाची मोकळीक दिलेली. तरी खानदानी मुस्लिम घरांतही रूढीने ते दार लावून घेतले होते. महाराष्ट्रातले सुधारकही त्याच काळात त्याच दारावर धडका देत होते.

वाचन संपल्यावर त्या मुलीने पुस्तक मागून घेतले. आईला वाचून दाखवायचे म्हणाली. तिची आई पंचविशीतच विधवा झाली होती, हे मला नंतर कळले. पुस्तक अजून परत आलेले नाही. मीही मागितलेले नाही.