मोकळी चकती

वेगाचे कौतुक साऱ्या जगाला असते. गाडी ताशी किती धावते, हे शाळकरी पोरही विचारते. ती किती अंतरात थांबते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पण घरात मोटारींचे वेड असलेला थोरला भाऊ असला, की कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही थोडेफार पदार्थविज्ञान शिकावेच लागते!

दादाने एकदा मला हिशेब मांडून दाखवला. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना थांबवली, तर तिच्या गतीची जी उष्णता होते, तिच्यावर पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट केला तर पाणी दुप्पट नव्हे, चौपट! यातली बहुतेक उष्णता चाकामागच्या बिडाच्या चकतीने, म्हणजे डिस्कने, प्यायची आणि वाऱ्यावर सोडायची. बंद ड्रमपेक्षा उघडी डिस्क हे काम चांगले करते. १९५३ साली जग्वारने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, तिच्यात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. वळणापाशी इतरांपेक्षा उशिरा ब्रेक मारता येत होता, म्हणून ते पुढे राहिले.

दादाजवळ एक जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. रस्त्यावर तिच्या ब्रेकांविषयी त्याची काही तक्रार नाही. परंतु वर्षातून एकदा तो ती कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. तिथे फेरीमागून फेरी, आणि वळणावळणाला ब्रेक. डिस्क पाचशे अंश तापली, तर साडेतीनशे मिलिमीटर व्यासाचे बीड जवळजवळ दोन मिलिमीटरने वाढू पाहते. एकसंध डिस्कचा मधला भाग मात्र त्या मानाने थंड असतो. बाहेरच्याला पसरायचे असते आणि मधला त्याला धरून ठेवतो. मग डिस्क परातीसारखी किंचित कलते, पॅड सपाट बसत नाहीत, आणि कधी तडाही जातो.

यंदा दादाने साठवलेल्या पैशांतून पुढच्या चाकांसाठी फ्लोटिंग डिस्क आणल्या. यांचे बाहेरचे कडे बिडाचे आणि मधली टोपी ॲल्युमिनियमची. दोन्ही बॉबिनांनी जोडलेली. पण कड्याला फुगायला जागा ठेवलेली. ॲल्युमिनियमचे वजन बिडाच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे वजन मधल्या भागात वाचते. उष्णता पिणाऱ्या कड्यात मात्र काटकसर करून चालत नाही. स्प्रिंगखालचे हे वजन घटले, की खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सहज सोडत नाही.

आता थोडे घरातले. आमचे आप्पा शिरोलीच्या एका फौंड्रीत तीस वर्षे होते. बीड ओतण्यात त्यांचे आयुष्य गेले. दादालाही त्यांनी तिथेच चिकटवले होते. तीन वर्षांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि उद्यमनगरात गॅरेज काढले. तेव्हापासून दोघे एका पंगतीला जेवतात; बोलणे मात्र आईच्या मार्फत.

त्या रविवारी दादा अंगणात डिस्क बसवीत होता. मी पाने हातात देत होतो. त्याने नवी डिस्क उचलली, तशी ती किणकिणली. ओट्यावर बसलेले आप्पा वर्तमानपत्राआडूनच म्हणाले, "वाजतंय की. ढिलं बसलंय."

कोणाला उद्देशून, ते कळले नाही. दादा क्षणभर गप्प राहिला.

"ढिलं न्हाई आप्पा. मोकळं ठेवलंय."

आप्पा उठून आले. डिस्क हातात घेऊन त्यांनी एकेक बॉबिन निरखली, कडे अंगठ्याने हलवून पाहिले, पेराने टिचकी मारून कान दिला. फौंड्रीत तडकलेला नग ते आवाजावरून ओळखीत.

"बराबर हाय," ते म्हणाले. "बीड तापलं की फुगतंयच. दाबून धरलं की तडकतंय."

आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

ते फक्त डिस्कविषयी बोलले की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही. घराचे लगेच गोकुळ झाले, असेही नाही. पण रात्री जेवताना आमटीची वाटी पुढे करीत आप्पांनी थेट दादालाच विचारले, "कोइम्बतूरला कवा निघणार?"

आईचा वाढता हात जागच्या जागी थांबला.