कच्चं, करपलं आणि मधलं

तीस वर्षं मुलांना त्रैराशिक शिकवलं, पण चाळीस कोंबड्यांनी मला पुन्हा पाचवीत बसवलं. निवृत्तीनंतर विष्णुपुरीतल्या घरामागे खुराडं बांधलं आणि वनराज जातीची पिल्लं आणली. हा पक्षी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रानं खास परसातल्या पालनासाठी तयार केलेला. म्हणजे आपण नुसते दाणे टाकायचे, असा माझा समज. तयार खाद्याच्या तिसऱ्या पोत्याला बायको म्हणाली, "अहो, शेतातलं सोयाबीन विकायचं आणि त्याचीच पेंड घातलेलं खाद्य विकत आणायचं, हे कुठलं गणित?" पटलं. घरच्या पोत्यातलं चार किलो सोयाबीन भरडलं आणि मक्यात मिसळलं. आठवड्याभरात खुराड्यात पाय ठेवायला कोरडी जागा उरली नाही, आणि पिल्लांची वजनं होती तिथंच राहिली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, कच्चं घातलं का?" कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतो म्हणे. वहीत मी त्याचं मराठी केलं : 'पचनाला खो देणारा'. प्रथिन पोटात जातं, पण ते फोडणाऱ्या पाचकरसालाच हा अडवून धरतो. कारखान्यात तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पेंडीला वाफेची उष्णता देतात, तेव्हा कुठं याचा जोर मोडतो. त्या पेंडीला सगळे डीओसी म्हणतात, म्हणजे डी-ऑइल्ड केक. वहीत मी 'बिनतेलाचा केक' असं लिहिलं. बायकोनं ते वाचून विचारलं, "वाढदिवस कुणाचा?"

ही पेंड आणायला नांदेडला नव्या मोंढ्यात गेलो. आडत्या जुना, दरवर्षी आमचं सोयाबीन त्याच्याच काट्यावर उतरतं. "आज विकायला नाही, घ्यायला आलात?" म्हणून त्यानं चहा मागवला आणि २०२१ ची आठवण काढली. त्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. पेंडीचा भाव ऐकून पोल्ट्रीवाल्यांनी हाय खाल्ली, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १२ लाख टन जीएम सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. शेतकरी भडकले. टपरीवर मीही तावातावानं बोललो होतो, आमचं सोयाबीन कधीच विकून झालेलं असूनही. आता त्याच मोंढ्यात आडत्यानं डीओसीचा भाव किलोला ४२ रुपये सांगितला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहेरून येत नाही का हो हल्ली?"

आडत्यानं हसून दुसरं पोतं उघडलं. पिवळसर तपकिरी भुकटी, वास ताडीसारखा आंबूस. ही डीडीजीएस. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा वाळवला की हे तयार होतं. प्रथिन २८ टक्के, भाव २२. हे आपलं क्षेत्र! ४६ टक्क्यांच्या डीओसीत किलोभर प्रथिन ९१ रुपयांना पडतं, डीडीजीएसमध्ये ७९ ला. मिश्रण काढायला पिअर्सनचा चौकोन म्हणून एक युक्ती आहे. मधे हवी ती टक्केवारी लिहायची, माझी १६. डावीकडे मक्याचे ९ आणि डीडीजीएसचे २८. तिरकी वजाबाकी केली की उत्तर येतं : १२ भाग मका, ७ भाग डीडीजीएस. मी पोतं रिक्षात टाकलं आणि तो चौकोन डॉक्टरांना अभिमानानं दाखवला. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले, "कोंबडी चुकीची आहे."

प्रथिन म्हणजे एक वस्तू नव्हे, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. ती अमिनो आम्लांची माळ असते आणि एका जातीचे मणी संपले की पुढची ओवणी थांबते. मक्यात लायसिनचे मणी कमी. सोयाबीनमध्ये ते भरपूर, तिथं तुटवडा मिथिओनिनचा, म्हणून दोघांची जोडी जमते. आणि मी काय केलं? मक्याची उणीव भरायला मक्याचाच चोथा आणला. त्यातून मक्याला बुरशी असली तर स्टार्च निघून गेल्यावर तिचं विष मागं राहतं, जवळपास तिप्पट दाट होऊन. दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढं जपूनच, असं डॉक्टरांनी बजावलं. ते पोतं अजून जिन्याखाली आहे.

मधले काही आठवडे भरकटण्यात गेले. सरकीची ढेप सुचवली गेली, पण तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो, हे वेळेवर कळलं. शेंगदाण्याच्या पेंडीत अफ्लाटॉक्सिनची भीती. तुरीच्या चुनीत प्रथिन डीओसीच्या निम्मंही नाही. मग अझोला. शेजाऱ्यानं ताडपत्रीच्या खड्ड्यात पाण्यावरचं हे हिरवं शेवाळासारखं नेचं वाढवून दिलं आणि पंचवीस टक्के प्रथिन असल्याची ग्वाही दिली. दहा किलो काढला, गच्चीवर वाळवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सहाशे ग्रॅम. ते पंचवीस टक्के या सहाशेचे होते. बाकी गोदावरीचं पाणी.

शेवटी घरच्या सोयाबीनवरच परत आलो, पण भाजून. भडभुंज्यानं फुटाण्यांच्या कढईत, तापल्या वाळूत पाच किलो परतून दिलं. दाणे छान सोनेरी दिसत होते, म्हणून नमुना घेऊन थेट उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. तिथं एका तरुण प्राध्यापकानं माझं पीठ बशीत पसरून त्यावर युरिया आणि फिनॉल रेडचं नारिंगी पाणी ओतलं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं. ते जिवंत असेल तर पीठ लाल होतं, आणि ते जिवंत म्हणजे आपला खो देणाराही शाबूत. पाच मिनिटांत बशी कुंकवाच्या करंड्यासारखी दिसायला लागली.

दुसऱ्या खेपेला भडभुंज्याला म्हटलं, "मामा, हयगय करू नका." या वेळी बशीत लाल ठिपका शोधून सापडेना. मी टाळीच वाजवली. प्राध्यापक क्षणभर थांबले, मग जरा ओशाळून म्हणाले, "सर, हे करपलंय. जास्त आचेनं लायसिनच खराब होतं. थोडे ठिपके दिसले पाहिजेत."

तिसऱ्या खेपेला भडभुंजा माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला कच्चं पाहिजे का भाजकं, एकदाचं सांगा." मी म्हटलं, "थोडे ठिपके येतील इतपत." त्यानं झारा माझ्याच हातात दिला.