जो, जी, जे आणि एक स्वल्पविराम

मंडळी, इंग्रजीतलं हू, विच, दॅट म्हटलं की आपल्यातल्या मराठी माध्यमवाल्यांच्या पोटात आजही गोळा येतो. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आम्ही त्याआधीचे, एबीसीडी गिरवली ती थेट पाचवीत.

पण खरं सांगू? यातलं निम्मं व्याकरण आपण घरूनच घेऊन आलेलो असतो. 'जो-जी-जे' म्हणजे तेच की! फरक इतकाच, मराठी लिंग विचारते आणि इंग्रजी विचारते माणूस की वस्तू. पोरगा जो, पोरगी जी, दोघांनाही हू. बस जी, दार जे, दोन्हींना विच.

'हूम'चं मात्र जपून. 'ज्याला मी फोन केला' तिथे हूम बरोबर. पण 'ज्याला मराठी येतं' तिथेही 'ज्याला' दिसलं म्हणून हूम लावलंत तर फसलात. इंग्रजीत त्याला मराठी 'येत' नाही, तो मराठी 'जाणतो'. कर्ता तोच, म्हणून हू नोज मराठी.

खरी गंमत स्वल्पविरामात आहे. 'माय ब्रदर हू लिव्हज इन नाशिक' असं सलग लिहिलं तर भाऊ एकाहून जास्त, त्यातला नाशिकचा. हूच्या आधी आणि नाशिकनंतर स्वल्पविराम दिला की भाऊ एकच. नाशिक ही जाता जाता दिलेली माहिती. सोपी युक्ती: मराठीत 'जो भाऊ नाशिकला असतो, तो' अशी निवड होत असेल तर स्वल्पविराम नको. वस्तू असेल तर तिथे दॅटही चालतं. स्वल्पविरामानंतर मात्र दॅट नाही, विचच.

मध्यंतरी आमच्या नाशिकच्या हापिसात क्लायंटची मेल आली: 'द सर्व्हर्स, विच आर ओल्ड, कॅन बी रिमूव्ह्ड.' सर्व्हर बारा, जुने चारच. टीममधला निफाडचा पोरगा, जो इंग्रजी कॉलवर तोंड उघडत नाही, तो हळूच म्हणाला, "सर, यात 'जे जुने आहेत ते' असं नाहीये. 'सगळे जुनेच आहेत, काढा' असं लिहिलंय."

विचारून घेतलं. क्लायंटला चारच काढायचे होते. उरलेल्या आठांवर चालू सिस्टीम होती!

मेल लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी. चूक सापडली ती मनातल्या मनात मराठी केल्यामुळे. तेव्हा तसं करताना लाजू नका, आणि शंका आली तर कॉलवर विचारा, मोडक्या इंग्रजीत का होईना.

असो. विकांत संपत आला. भेटू पुढच्या शनिवारी.