सड्यावरची माती

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प आमच्याकडे जानेवारीत सुरू होतो आणि एप्रिलात जमा करायचा असतो. रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यासाठी याहून अवघड वेळ नाही. इथलं जे बघण्यासारखं ते सगळं पावसाळ्यात. पहिल्या सरींबरोबर कातळावर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, मग डबक्यांच्या कडेने गेंदाच्या घुंड्या, ओल्या जांभ्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर. दिवाळीपर्यंत हे सारं आटोपतं. जानेवारीत सडा, हे जांभ्याचं पठार, म्हणजे काळाठिक्कर कातळ आणि वाळकं गवत.

म्हणून बहुतेक जण प्रयोगशाळेतला विषय घेतात. औषधी झाडाचा पाला वाळवायचा, अर्क काढायचा, पेट्री डिशमध्ये वाढवलेल्या जिवाणूंवर तो टाकायचा आणि भोवती उमटलेलं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. काम नेटकं, हाताला वळण लावणारं, वेळेत संपणारं. मी निगडीचा पाला घ्यायचं ठरवून मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “वर्तुळ आलं तर काय कळेल?”

“पाल्यात जिवाणूंना रोखायचा गुण आहे, हे कळेल.”

“आणि नाही आलं तर?”

“अर्काचं प्रमाण वाढवून बघेन.”

“म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे,” त्या म्हणाल्या. “निगडीवर पुष्कळ काम झालंय. जिथे ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींतून काहीतरी हाती लागेल, असं काही तुझ्या डोक्यात आहे का?”

होतं. लहानपणापासून होतं, पण ते प्रकल्पात बसेल असं वाटलं नव्हतं. आमचं घर हापूसवर चालतं. काकांची बाग सड्यावर आहे, आणि सड्यावर बाग करायची म्हणजे आधी कातळ फोडायचा. पूर्वी सुरुंग लावून फोडत, आता यंत्र आणतात. खड्ड्यात बाहेरून आणलेली माती भरायची आणि मग कलम लावायचं. कातळावर माती अशी नसतेच. फटींत आणि खळग्यांत दोन-चार बोटं साचलेली, तेवढीच. त्या मातीत नत्र इतकं कमी की सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवतात. सरकारी कागदांवर मात्र असल्या जमिनीची नोंद बहुधा पडीक म्हणूनच. साताऱ्याचं कास 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथली फुलं बघायला माणसं रांगा लावू लागली. कोकणातल्या सड्यांकडे लोक वळले ते कातळशिल्पांमुळे. शिल्पांच्या रेषांत साचलेल्या चिखलात काय उगवतं, तिकडे सहसा कुणाची नजर जात नाही. हे माझ्या मनाला लागतं.

पण हळहळ म्हणजे विषय नव्हे. ‘बागांमुळे सड्यावरच्या वनस्पती कमी झाल्या का?’ हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. त्यासाठी पावसाळा हवा. शिवाय बाग होण्याआधी तिथे काय होतं, याची नोंद हवी. ग्रंथालयात थिओडोर कुकचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे खंड आहेत, 1901 ते 1908 या काळात निघालेले. त्यात कोकणातल्या वनस्पती भेटतात, पण काकांच्या बागेच्या जागी काय उगवत होतं ते त्यात कुठून असणार?

उत्तर बागेतच मिळालं. डिसेंबर अखेरीला काकांबरोबर गेले होते. नव्या कलमांना पाणी देणाऱ्या नळीचा एक सांधा गळत होता. पाणी कातळावरून ओघळत एका खळग्यात जात होतं. सगळा सडा करपलेला आणि तो खळगा तेवढा हिरवा. मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. नखाहून लहान पानांची रोपं, काही सुईसारखी उभी, काही जोडपानांची, एकमेकांना खेटून. कुणी पेरलेली नव्हती. पावसाळ्यात गळलेलं बी त्या चिमूटभर मातीत होतंच, पाणी मिळताच उठलं. दोन हातांवर कलमाचा खड्डा होता. त्यालाही तेच पाणी. तिथे मात्र एकदांडी माजली होती, जी रस्त्याकडेला कुठेही दिसते, आणि जी मुळात अमेरिकेतून आलेली.

म्हणजे जानेवारीत फुलं नसली तरी बी असतं! मोकळ्या सड्याची आणि बागेची माती आणायची, वेगवेगळ्या ट्रेमध्ये पसरायची, पाणी घालायचं आणि काय उगवतं ते मोजायचं. मातीतल्या बीसाठ्याचा अभ्यास करायची ही मान्य रीत आहे. मी ती पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. त्या खळग्याजवळ बसेपर्यंत ती माझ्या गावाशी कधी जोडली गेली नव्हती.

मॅडमना विषय आवडला आणि लगेच त्यांनी तो उलगडायला घेतला. त्या तासाभरात विषय म्हणजे काय असतो हे मला जितकं कळलं तितकं संशोधन पद्धतीच्या पेपरात कळलं नव्हतं. “बागेच्या मातीतून काहीच उगवलं नाही, तर बी नाही असं लिहिशील?” हो म्हणणार तोच त्या म्हणाल्या, “बी असेल आणि झोपलेलं असेल.” काही बियांना पिकल्यावर काही महिने कोरडं राहावंच लागतं, त्याआधी ती रुजत नाहीत. तेव्हा शीर्षकात ‘बीसाठा’ म्हणायचं नाही, ‘रुजणारं बी’ म्हणायचं. मग ओळखण्याचा प्रश्न. फ्लोरातल्या, म्हणजे वनस्पतींच्या ग्रंथांतल्या, ओळखण्याच्या किल्ल्या फुलांवरून चालतात, दोन पानांच्या रोपाला त्या उपयोगाच्या नाहीत, आणि एप्रिलपर्यंत सगळ्यांना फुलं येतील याची खात्री नाही. म्हणून मोजायचं ते एकदल किती, द्विदल किती. जाती फक्त जी फुलतील त्यांच्या. प्रयोगशाळेच्या खिडकीतून वाऱ्याबरोबर बी येऊन पडेल, तर एक ट्रे नुसत्या भाजलेल्या वाळूचा ठेवायचा. त्यात उगवलं तर ते सड्याचं नव्हे. मी अख्ख्या राजापूर तालुक्यातले सडे लिहिले होते. मॅडमनी त्यावर काट मारून ‘एकच सडा’ लिहिलं. एका सड्याची भरपूर माती घेतली तर खळग्या-खळग्यांत किती फरक असतो ते तरी कळतं.

राहिली काकांची परवानगी. ती मिळेल हे मी धरून चालले नव्हते. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ते किती आनंदले होते ते मी पाहिलंय. बाग त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. जेवताना मी सगळं नीट सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, आमच्या बागेने सडा मेला असं निघालं, तर तेच लिहिणार ना तू?”

“जे उगवेल ते लिहिणार, काका. नाही मेला असं निघालं तर तेही.”

मॅडमनी निगडीबद्दल विचारलं होतं तेच हे, फक्त इथे ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हींची किंमत घरातल्या माणसाला मोजावी लागणार होती. त्या क्षणी मला पक्कं कळलं की हाच विषय घ्यायचा.

सकाळी काका स्वतः बरोबर आले. खळग्यांतली माती चमच्याने खरवडून ब्रशने पिशवीत कशी लोटायची ते मी त्यांना दाखवत होते, तेव्हा ते म्हणाले, “नुसती बागेची नि मोकळ्या सड्याची घेऊन काय होणार? वरच्या अंगाची पण घे.” वरच्या अंगाला त्यांनी फार पूर्वी खड्डे मारले होते. पाणी पुरलं नाही, कलमं जळाली, आणि ती जागा त्यांनी पुन्हा कधी लावली नाही. खड्ड्यांच्या कडा आता मऊ झाल्या आहेत आणि बाहेरून आणलेली माती पावसाने कातळावर पसरली आहे. फोडून सोडून दिलेल्या सड्यावर मूळचं बी परत येतं का, हे विचारायला याहून योग्य जागा मला शोधून सापडली नसती.

परत गेल्यावर मी हे सांगितलं, तेव्हा मॅडमनी प्रकल्पाचा फॉर्म मागून घेतला. शीर्षकात ‘दोन’ खोडून ‘तीन’ केलं आणि खाली सही केली.