न्यूयॉर्कची प्रश्नशाळा

मॅनहॅटनमध्ये, पश्चिमेच्या तिसाव्या रस्त्यावर १३० क्रमांकाच्या इमारतीत काँग्रिगेशन बेथ सिमखात तोरा हे सिनेगॉग आहे. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर ज्यूंचं हे हक्काचं ठिकाण. पुण्याचं सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, मी फक्त बाहेरून पाहिलेलं. इथे थेट आत शिरलो, तर चक्क वर्ग भरलेला! आणि विद्यार्थी? बहुतेकांचे केस पिकलेले.

१९७३ साली जेकब गब्बाय यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात एवढीशी जाहिरात दिली आणि शुक्रवारच्या प्रार्थनेला मूठभर माणसं जमली. कुठे, तर चेल्सीच्या होली अपॉसल्स चर्चमध्ये! गब्बाय हे आडनाव आपल्या मुंबई-कलकत्त्याच्या बगदादी ज्यूंमध्येही सापडतं. १९९२मध्ये शॅरन क्लाइनबॉम रब्बी, म्हणजे धर्मगुरू म्हणून आल्या. २०१६मध्ये मंडळी या स्वतःच्या जागेत आली.

बारामती-इंदापुरात तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामी कीर्तनं ऐकत मी वाढलो. बुवांनी सांगायचं, आपण माना डोलवायच्या. इथे मात्र दोघादोघांच्या जोड्या. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं शब्दाशब्दाला अडवायचं. या जोडीला खव्रुता म्हणतात. सगळ्या खोलीत नुसता कलकलाट, आणि शिकवणाऱ्या बाई त्यावर खूश!

समोर मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंहितेतला ‘बिक्कुरीम’ हा भाग होता. पहिलं फळ देवाला वाहण्याचे नियम. सात पिकांच्या यादीत द्राक्ष आणि डाळिंब ही आमच्याकडची फळं दिसली, तेव्हा इंदापूरचा मी जरा सैलावलो. पण जोड्यांचं बोट चौथ्या अध्यायावर होतं. स्त्री-पुरुष दोन्हींची लक्षणं असलेल्या माणसाला कोणता नियम लावायचा? काही बाबतींत पुरुषाचा, काहींत स्त्रीचा, काहींत दोघांचा, काहींत कुणाचाच नाही. रब्बी योसी तर म्हणतात, ही निर्मितीच स्वतंत्र.

याच परंपरेच्या धर्मग्रंथांमध्ये ‘लेवीय’चा अठरावा अध्याय आहे, पुरुषानं पुरुषाशी संग करू नये, असं बजावणारा. त्याच्याच जोरावर या माणसांना पिढ्यानपिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं. यांनी ग्रंथ भिरकावला नाही. इतरांपेक्षा बारकाईनं वाचायला घेतला. मी थक्क झालो ते यानं.

पाहुण्यालाही प्रश्न विचारावाच लागतो म्हणे. मी भीत भीत विचारलं, ‘‘मग योसींचं म्हणणं मान्य झालं का?’’

शेजारचे आजोबा खो खो हसले. ‘‘अठराशे वर्षं वाद चाललाय. ओढा खुर्ची!’’