ठिपका चुकला!

'मोजून काय व्हायलंय गं?' काकांनी विचारलं. वीकएण्डला पैठणला आजीकडे गेले होते. अंगणातला कडुनिंब पार्किंगसाठी काढायचं घरात जवळपास ठरलं होतं. जायकवाडी धरण पूर्ण झालं त्या वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, आजीनं तो लावलेला. मी मास कॉमवाली! आकडा दाखवला की माणसं ऐकतात, हा माझा भाबडा समज. लगेच लॅपटॉप उघडला.

'आय-ट्री कॅनपी' हे अमेरिकेच्या वनसेवेचं फुकट टूल. फण्डा सोपा आहे. आपण गावाची हद्द आखायची, टूल उपग्रहचित्रावर वाट्टेल तिथे ठिपके टाकतं आणि ठिपक्याखाली झाड आहे की नाही, ते आपण सांगायचं. समजा, शंभरातले वीस झाडांवर पडले, तर हिरवं छत २० टक्के, चार टक्के इकडेतिकडे. ठिपके वाढवा, चूक कमी होते. छतावरून झाडं किती कार्बन धरून ठेवतात, याचाही अंदाज मिळतो.

पण खरी गंमत हद्दीत आहे. संत ज्ञानेश्वर उद्यान आत घेतलं की पैठण एकदम हिरवंगार! नाथसागराचं पाणी घेतलं की टक्का धाडकन खाली. जुन्या गावातल्या गल्ल्यांत तर भिंतीची सावली कुठली आणि झाड कुठलं, हेच कळेना. डोळे दुखले.

आणि आमच्या कडुनिंबावर एकही ठिपका पडला नाही. गणितात त्याला चूक म्हणत नाहीत. टक्केवारी गावाची असते, सावली मात्र त्या त्या अंगणाची. नाथषष्ठीला वारकरी टेकतात ते याच झाडाखाली. पत्र्याची शेड टाकली तरी सावली मिळेल, पण तापलेला पत्रा खाली उष्णता सोडतो. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडतं, स्वतः तापत नाही.

हे सगळं काकांना ऐकवलं. ते पेपर वाचत राहिले. मग मी कायदा काढला. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. शिवाय २०२१ च्या दुरुस्तीनुसार झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची.

पेपर खाली आला. 'म्हणजे पन्नासेक झाडं? अन् लावायची कुठं?'

'तेच मी म्हणायले,' आजी आतून म्हणाली.

सध्या गाडी कडुनिंबाखालीच उभी असते. टपावर निंबोळ्या पडतात आणि काका रोज सकाळी फडकं घेऊन चिडचिड करतात.