पहिली दाढी

आबा धोकटी काखेत मारून गावभर फिरायचे. मजुरी रोख नाही. सुगीला खळ्यावर मिळेल तेवढं बलुतं. १९८२ साली, गिरणी संपाच्या वर्षी, त्यांनी मला गिरगावात, ठाकुरद्वारला मामाच्या सलूनात धाडलं. सहा महिने नुसते केस झाडले, टॉवेल धुतले. मग मामानं फुग्याला साबण फासून हातात वस्तरा दिला. "फुटला तर पुन्हा झाडू." सात फुटले!

आबा भेटायला आले, तेव्हा पहिली खरी दाढी त्यांचीच केली. हनुवटीखाली कापलंच. तुरटी लावताना हात थरथरला. जन्मभर लोकांच्या ओट्याखाली उकिडवा बसलेला तो माणूस खुर्चीत अवघडून आरशात बघत होता.

उठले नि गल्ल्यावर दोन रुपये ठेवले. मामा नको म्हणाला.

"असू दे. रोख द्यायचेत मला."